दबलेली नस घेऊन अंबाबाई, जोतिबा आणि पन्हाळा

उजव्या घोट्यात नस दबलेली असताना कोल्हापूर करून आले. आईचा नवस होता, टाळायचा प्रश्नच नव्हता. असा पाय घेऊन निघणाऱ्यांना आधी एकच सांगते: या दुखण्यात चालण्याइतकंच एका जागी उभं राहणंही महागात पडतं.

घोट्याच्या आतल्या हाडामागे टार्सल टनेल नावाची अरुंद वाट असते. टिबियल नस तिथून तळव्यात उतरते आणि तिच्यावरून एक जाड पट्टा जातो. सूज, सपाट पाऊल, जुनी मुरगळ, काहीही निमित्त झालं की नस आत चेपते. मग तळव्याची आग होते, मुंग्या येतात, बोटं बधिर पडतात. हाडामागे बोटाने टिचकी मारली तर तळव्यापर्यंत करंट जातो. टाचदुखीत सकाळचं पहिलं पाऊल नको वाटतं. नस दबली असेल तर मात्र बहुतेकदा दिवस कलेल तसा त्रास चढतो आणि रात्री पांघरूणही सोसत नाही.

म्हणून अंबाबाईला भल्या पहाटे गेलो. आई रांगेत उभी राहिली, मी मुखदर्शन घेतलं. मंदिरात अनवाणीच फिरायचं असतं आणि उन्हाने फरशी तापली तर बधिर तळव्याला चटका कळत नाही. खोलीवर आल्यावर तळवे आरशात नीट बघा, मधुमेह असेल तर नक्कीच.

जोतिबाला गाडी डोंगरावर जाते, पण देवळासाठी पायऱ्या उतराव्या लागतात. कठड्याच्या कडेने, थांबत उतरा. पन्हाळ्यावर गाडी दिवसभरासाठीच ठरवा. तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी एकमेकांपासून लांब आहेत. आमचे गाडीवाले मामा दर ठिकाणी म्हणायचे, "जावा निवांत, मी हाय हितंच." त्या निवांतपणानेच पाय टिकला. गाडीत बसले की बूट सैल करून पाय वर ठेवायचे.

आग दोन्ही पायांत सारखी असेल तर निघण्याआधी साखर आणि बी-१२ तपासून घ्या. कारण वेगळं असू शकतं. पाऊल वर उचलता येत नसेल तर प्रवास राहू द्या, आधी डॉक्टर गाठा.

कोल्हापुरी चपला जरूर घ्या, पण घरी घालायला. तळ सपाट असतो, कमानीला आधार नाही. माप संध्याकाळी द्या, पाय थोडे फुगलेले असताना, आणि पट्टा घोट्याच्या आतल्या बाजूला टेकत नाही ना ते दुकानातच चार पावलं चालून बघा.