शार्लट स्मिथ आणि सासऱ्याचे मृत्युपत्र

आमच्या घराण्यातला वाटणीचा दावा माझ्या जन्माआधीपासून चालू होता, त्यामुळे ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण मी अक्षरओळखीच्याही आधी ऐकलेली आहे. कदाचित म्हणूनच शार्लट स्मिथ (१७४९–१८०६) या इंग्रज कवयित्रीच्या सुनीतांइतकेच (म्हणजे सॉनेट्स, चौदा ओळींच्या कविता) तिच्या सासऱ्याच्या मृत्युपत्रानेही मला धरून ठेवले.

१७६५ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, वडिलांनी तिचे लग्न बेंजामिन स्मिथशी लावून दिले. पुढे एका पत्रात तिने या विवाहाला कायदेशीर वेश्यावृत्ती म्हटले आहे. सासरे रिचर्ड स्मिथ वेस्ट इंडीजशी व्यापार करणारे धनिक आणि ईस्ट इंडिया कंपनीचे एक संचालक होते. मुलगा उधळ्या आहे हे ओळखून त्यांनी मालमत्ता नातवंडांना मिळावी अशी तजवीज केली खरी, पण वकिलाला न विचारता स्वतःच लिहिलेल्या त्या मृत्युपत्रात इतक्या संदिग्ध जागा राहिल्या की १७७६ मध्ये ते वारल्यावर प्रकरण चॅन्सरी या, वारसा-मालमत्तेचे दावे चालवणाऱ्या इंग्लंडमधल्या न्यायालयात गेले आणि तिथेच अडकून पडले.

१७८३ च्या अखेरीस बेंजामिन कर्जापायी लंडनच्या किंग्ज बेंच तुरुंगात गेला आणि शार्लटनेही काही काळ त्याच्यासोबत तिथे काढला. पैशांची निकड म्हणून तिने १७८४ मध्ये स्वखर्चाने ‘एलेजियाक सॉनेट्स’ छापून घेतले. या संग्रहाच्या पुढे आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, आणि इंग्रजीत मागे पडलेल्या सुनीताला पुन्हा बहर आला त्यात तिचा वाटा मोठा आहे. १७८७ मध्ये ती नवऱ्यापासून वेगळी झाली. मात्र विवाहित स्त्रीच्या कमाईवर कायद्याने नवऱ्याचाच हक्क असल्यामुळे तिच्या लेखणीचे पैसे तो मागत राहिला. तिला बारा अपत्ये झाली होती. हयात असलेल्यांचे पोट भरण्यासाठी तिने दहा कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्यांतल्या वकिलांची जी खरडपट्टी तिने काढली आहे ती वाचताना मला आमच्या ओसरीवरचे संवाद आठवतात.

तिचे जहालपण मला या जमाखर्चातून आलेले दिसते. ‘डेस्मंड’ (१७९२) या पत्ररूप कादंबरीत फ्रेंच राज्यक्रांतीचे उघड समर्थन आहे. त्याच कथेत जेराल्डीन ही नायिका उडाणटप्पू नवऱ्याच्या कायदेशीर ताब्यात जखडलेली आहे, त्यामुळे राजाची आणि नवऱ्याची हुकमत वाचक एकाच मापाने मोजू लागतो. बायकांना राजकारणाशी काय करायचे आहे, या आक्षेपाला तिने प्रस्तावनेतच उत्तर दिले. पुढच्याच वर्षी ‘द एमिग्रंट्स’ या दीर्घ काव्यात तिने क्रांतीतून पळून आलेल्या फ्रेंच निर्वासितांविषयी कळवळ्याने लिहिले, आणि तिची लेक ऑगस्टा अशाच एका निर्वासिताशी विवाहबद्ध झाली. ऑगस्टा १७९५ मध्ये वारली; हा घाव आईचा अखेरपर्यंत भरला नाही.

एक गोष्ट मात्र मला नीट गिळता येत नाही. ज्या वारशासाठी ती जन्मभर झगडली त्यात बार्बाडोसमधले मळे होते, म्हणजेच तिथे राबणारे गुलामही होते. ‘डेस्मंड’मध्ये गुलामांच्या व्यापाराचे समर्थन करणाऱ्याची तिने खिल्ली उडवली आहे, स्वतःच्या हालांना ती वारंवार गुलामीची उपमा देते, आणि तरीही मुलांचा हक्क म्हणून त्याच मालमत्तेची मागणी सोडत नाही. लेकरांच्या तोंडी घास पडावा यासाठी ती लढत होती हे मला समजते. पण तो घास कुणाच्या ताटातून येत होता हे तिच्यासारख्या चाणाक्ष बाईला कळत नव्हते, असे मी मानू शकत नाही.

बेंजामिन १८०६ च्या फेब्रुवारीत कर्जदारांच्या तुरुंगातच मेला. शार्लट त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला गेली. ससेक्सच्या किनाऱ्यावरील खडूच्या कड्यावर सापडणाऱ्या शिंपल्यांपर्यंत उतरणारी तिची ‘बीची हेड’ ही कविता १८०७ मध्ये छापली गेली, आणि सासऱ्याच्या मालमत्तेचा दावा निकाली निघाला तो १८१३ मध्ये.