तुम्ही विचारलंत म्हणून : गळा उपजत, मग शिकायला इतकी वर्षं कशाला?

ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासी ऑपेरा गायकांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो : ‘‘गाणं तर त्यांच्या रक्तातच असतं ना?’’

रक्तात काय असेल ते असो. माइकशिवाय ५०-६० वाद्यांवरून शेवटच्या रांगेत पोचणारा आवाज कुणालाच जन्मतः मिळत नाही. साधारण १८व्या वर्षी सुरुवात, ४ वर्षांची पदवी, वर आणखी २ वर्षं, मग एखाद्या ऑपेरा कंपनीत उमेदवारी. तिशीच्या आसपास पहिली बरी भूमिका मिळाली, तर उशीर झाला असं कुणी म्हणत नाही.

रियाज म्हटलं की आपल्याला पहाटेचे चार तास आठवतात. इथे कोवळ्या आवाजाला दिवसाला तास-सव्वा तास पुष्कळ, तोही २०-२० मिनिटांच्या तुकड्यांत. सुरुवात स्ट्रॉने. ग्लासात चार बोटं पाणी, स्ट्रॉचं टोक २-३ सेंटिमीटर बुडलेलं, आणि बुडबुडे काढत सूर खालून वर सरकवायचा. बुडबुडे एकसारखे आले तर श्वास बरोबर. ते उसळले तर हवा ढकलली जातेय. बुडबुडे थांबले आणि सूर चालूच राहिला, तर हवा नाकातून निसटतेय.

बरीच मुलं चर्चच्या गाण्यातून नाहीतर गिटारवरच्या कंट्री गाण्यातून येतात. माइकवर गायची सवय असली की छातीचा आवाज तसाच वर ओढला जातो. सोप्रानोला (बायकांच्या सर्वांत उंच आवाजाला) पियानोच्या मधल्या ‘सी’ स्वराच्या वरच्या सप्तकात ‘ई’-‘एफ’ स्वरांपाशी वळण घ्यावं लागतं. तिथे जबडा आवळला की सूर चढा लागतो किंवा फाटतो. जोर लावणं हा यावरचा सगळ्यात वाईट उपाय. वाद्यवृंदाची ताकद ५०० हर्ट्झच्या आसपास एकवटलेली असते, ३००० हर्ट्झकडे ती बरीच उतरते. पुरुष आणि खालच्या आवाजाच्या बायका नेमकी तिथे धार आणतात. ती ताकदीने येत नाही, घशाच्या पोकळीच्या आकाराने येते.

आवाजाची जात ठरायलाही वेळ लागतो. न्यूझीलंडच्या माओरी गायिका किरी ते कानावा यांची सुरुवात मेझो, म्हणजे सोप्रानोच्या खालच्या आवाजाची गायिका म्हणून झाली. १९७१ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृहात त्या गाजल्या ते सोप्रानो म्हणून, मोझार्टच्या ‘फिगारो’ ऑपेरातल्या काउंटेसच्या भूमिकेत. घाई केली की काय होतं तेही दिसतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या ऊसमळ्यांतून आलेले मूलनिवासी टेनर (पुरुषांच्या उंच आवाजाचे गायक) हॅरल्ड ब्लेअर अमेरिकेत शिकून १९५१मध्ये परतले आणि लागोपाठच्या मैफलींनी त्यांचा आवाज थकला. तरुण गायकाच्या तारखा भरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं, ते ठेवत नाहीत.

योर्ता योर्ता या मूलनिवासी समाजाच्या सोप्रानो डेबोरा चीथम यांनी २००९मध्ये ‘शॉर्ट ब्लॅक ऑपेरा’ ही मूलनिवासी गायकांची कंपनी काढली आणि २०१०मध्ये ‘पीकन समर’ हा ऑपेरा रंगमंचावर आणला. त्याचा विषय म्हणजे १९३९मध्ये कमरागंजा या मूलनिवासींच्या वस्तीतली माणसं छळाला कंटाळून एकत्र बाहेर पडली, तो प्रसंग. असे ऑपेरे हवेतच. पण नव्या गायिकेला फक्त तिच्या समाजाच्याच भूमिका मिळू लागल्या की तिचा आवाज अर्धाच वापरला जातो. ऑडिशनला साधारण ५ आरिया (ऑपेरातली एकट्याने गायची गाणी) तयार लागतात. त्यांत एक मोझार्टची असावी, इटालियन आणि जर्मन सुटू नये.

आता उच्चार. इटालियन शिकलेली जीभ घरच्या भाषेकडे वळली की अडखळते. ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक मूळ भाषांत स नाही, फ नाही. उलट अनेकींत आपल्यासारखे ण आणि ळ आहेत. खरी कसोटी ‘ङ’ची, कारण तिथे शब्द ‘ङ’पासून सुरूही होतो. मराठी माणसाला तो सापडवायचा तर ‘अंग’ म्हणता म्हणता ‘ग’च्या आधी थांबावं, नाकात घुमतंय तेवढंच धरून ठेवावं, मग पुढचा ‘अ’ लावावा. गाताना मात्र ‘ङ’ ठोक्यावर घेतला की स्वर मागे पडतो आणि गायिका कायम उशिरा आल्यासारखी वाटते. म्हणून तो ठोक्याच्या किंचित आधी सुरू करायचा, म्हणजे कंडक्टरचा हात खाली येतो त्याच क्षणी तोंड उघडून ‘अ’ बाहेर पडतो.