तुम्ही विचारलंत म्हणून : मोडी शिकायला ऑनलाइन ग्रुप कशाला?

"यूट्यूबवर मोडीचे एवढे व्हिडिओ आहेत, पीडीएफ आहेत, मग रात्री झूमवर माणसं गोळा करून तुम्ही करता तरी काय?" हे मला दर बॅचला कुणी ना कुणी विचारतंच. मी एका ऑनलाइन मोडी वर्गाचा (मोडी म्हणजे पूर्वी मराठी ज्या वळणदार लिपीत लिहीत ती) सरावाचा ग्रुप सांभाळते, म्हणून सांगते.

बाराखडी एकट्यानं येते. रोज पानभर गिरवलं की हात बसतो, त्याला ग्रुप लागत नाही. पण बाराखडी येणं वेगळं आणि कागद वाचणं वेगळं. आधी अख्खी रेघ ओढून घेतलेली, मग तिच्याखाली अक्षरं एका दमात लिहिलेली, दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही, विरामचिन्हं नाहीत, आणि र तर जोडाक्षरात कुठल्या रूपात समोर येईल सांगता येत नाही. त्यात १९५०च्या सुमारास मोडी शाळेतून आणि कचेरीतून गेलीच, त्यामुळे आता घरात विचारावं असं कुणी राहिलेलं नाही. माणूस तिसऱ्या ओळीत अडकतो, लॅपटॉप मिटतो आणि त्याला वाटत राहतं की फक्त आपल्यालाच जमत नाहीये. हे वाटणंच सगळ्यात जास्त लोकांना मोडी सोडायला लावतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ग्रुपमध्ये हे वाटणं पहिल्या आठवड्यातच जातं, कारण अडकताना सगळेच दिसतात. मागे एक पेशवेकालीन पत्र शेअर केलं होतं, शेवटी तारखेच्या जागी नुसता "छ" आणि पुढे आकडा. कॉलेजमधल्या मुलीनं अक्षर झटकन ओळखलं पण अर्थ लागेना. मग एक रिटायर्ड काका माइक ऑन करून म्हणाले, "अगं पोरी, छ म्हणजे चंद्र, चंद्राची तारीख, पुढे हिजरी महिना असणार, बघ," आणि पुढे खरंच रमजान निघाला. दहा मिनिटांनी काका एका जोडाक्षरावर अडले तेव्हा तीच म्हणाली, "काका, तिथे शब्द तोडू नका, पुढच्याला जोडून बघा." आणि काकांनी जोडून बघितलं, ओळ लागली, तेव्हाचा त्यांचा आवाज ऐकायला हवा होता तुम्ही!

पण हे आपोआप होत नाही. समोरासमोरच्या वर्गात कुणाच्या कपाळावर आठी पडली की कळतं, इथे कॅमेरे बंद, नुसती नावांची चौकट. वाचणाऱ्याला मध्येच कुणी "चुकलं" म्हणून तोडलं की तो माणूस त्या दिवशी "नेटवर्क इश्यू" म्हणून जातो आणि पुढच्या वेळी येतच नाही. म्हणून आमचा एक नियम आहे, वाचणाऱ्याची ओळ पूर्ण होईपर्यंत बाकी सगळे म्यूट, आणि नंतरही "चुकलं" नाही म्हणायचं, "मला इथे असं दिसतंय" म्हणायचं. ऐकायला किरकोळ वाटेल, पण एरवी गप्प बसणाऱ्या बायका याच्यामुळे वाचायला लागल्या. आणि कुणी लागोपाठ दोनदा आलं नाही तर ग्रुपवर मेसेज टाकत नाही, सरळ फोन करतो. मेसेजनं माणूस लाजतो, फोन केला की बोलतो.

अजून एक, ज्याची मलाही आधी कल्पना नव्हती. लोक घरातले कागद आणतात. एका ताईंनी पणजोबांचा कागद स्क्रीनवर लावला, सगळे हौसेनं वाचायला लागले, आणि दोनचार ओळींतच कळलं की ते गहाणखत आहे, ज्या शेताबद्दल त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या त्याचंच. ताई एकदम गप्प झाल्या. कुणीच काही बोललं नाही, मग एकानं हळूच विचारलं, "ताई, पुढे वाचू की थांबू?" त्या म्हणाल्या, "वाचा, आज कळूनच जाऊ दे." तेव्हापासून घरचा कागद असेल तर आधी मी त्या व्यक्तीबरोबर एकटीनं बघते आणि तिला हवं असेल तरच तो सगळ्यांसमोर येतो.

पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहात, पेशवे दफ्तराचे (पेशव्यांच्या कारभाराच्या कागदांचे) रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत, ते वाचायला माणसं हवीत, आणि ती तयार होईपर्यंत टिकायला तर हवीत ना. तेव्हा फक्त स्वतःचं नाव मोडीत लिहायचं असेल तर व्हिडिओ पुरेत. कागद वाचायचे असतील तर या, पहिले काही दिवस नुसतं ऐकलंत तरी चालेल.