पंख्याची घरघर

लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला की हात आपोआप कोपऱ्यातल्या बॅटरीच्या चिन्हाकडे जातो. 'परफॉर्मन्स'वरून 'पॉवर सेव्हर'वर यायचं आणि आवाज उतरायची वाट बघायची. कधी उतरतो, कधी ढिम्म हलत नाही. लिनक्सवर निदान का, ते पाहता येतं. तिथला सगळा कारभार साध्या मजकुराच्या फाइलींत उघडा असतो.

नोम किंवा केडीई या लिनक्सच्या डेस्कटॉपमधल्या परफॉर्मन्स, बॅलन्स्ड, पॉवर सेव्हर या तीन पर्यायांमागे बहुधा पॉवर-प्रोफाइल्स-डीमन हा पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम बसलेला असतो. (फेडोरा या लिनक्सने ४१ व्या आवृत्तीपासून ते काम ट्यून्ड नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमकडे दिलं.) तो दोघांना सांगावा धाडतो. एक फर्मवेअरला, म्हणजे यंत्राच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरला, 'प्लॅटफॉर्म प्रोफाइल' या फाइलीतून; ही सोय लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ५.१२ पासून आहे. दुसरा प्रोसेसरला, वेग हवा की बचत हे सांगणारा. पण हा नुसता सांगावा, हुकूम नव्हे. काही थिंकपॅड लॅपटॉप मांडीवर घेतले की सेन्सरला ते कळतं आणि परफॉर्मन्स निवडलेलं असूनही फर्मवेअर हात आखडता घेतं. टर्मिनलमध्ये 'पॉवरप्रोफाइल्ससीटीएल' ही आज्ञा चालवली की त्या प्रोफाइलखाली 'लॅप-डिटेक्टेड' असं कारण दिसतं. टेबलावर ठेवा, काम झालं.

पुष्कळ जण इंटेलच्या यंत्रावर गव्हर्नर, म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरवणारं कर्नलमधलं धोरण, 'पॉवरसेव्ह' दिसला की घाबरतात. घाबरू नये. इंटेल-पीस्टेट या प्रोसेसरच्या ड्रायव्हरच्या नेहमीच्या ॲक्टिव्ह पद्धतीत तो गरजेप्रमाणे पूर्ण वेग देतो. उलट 'परफॉर्मन्स' गव्हर्नर लावला की वर सांगितलेली वेग की बचत ही पसंती वेगाकडेच जखडली जाते आणि बदलायला गेलं तर नकार येतो. दुसरी हमखास भानगड म्हणजे टीएलपी हा वीज वाचवणारा दुसरा प्रोग्रॅम आणि डीमन एकत्र चालू ठेवणं. चार्जर काढला-लावला की एकाने लिहिलेलं दुसरा पुसतो. दोघांपैकी एकच ठेवावा. डीमन नको असेल तर नुसता बंद न करता सिस्टीमसीटीएल या आज्ञेने 'मास्क' करावा, म्हणजे तो पुन्हा सुरूच होऊ शकत नाही.

आता खरी परीक्षा. अर्ध्या मिनिटाच्या चाचणीवर कोणतंही प्रोफाइल भारीच वाटतं, कारण प्रोसेसरला थोडा वेळ जादा वॅट ओढायची मुभा असते. पुष्कळ इंटेल यंत्रांवर हा हिशेब २८ सेकंदांच्या आसपास ठरवलेला असतो. म्हणून प्रोसेसरवर मुद्दाम ताण टाकणारं स्ट्रेस-एनजी सगळ्या कोअरवर दहा मिनिटं चालवा आणि शेजारच्या टर्मिनलमध्ये वेग, तापमान आणि वॅट दाखवणारा टर्बोस्टॅट उघडा ठेवा. तापमान ९५ च्या पुढे आणि वॅट घसरत चाललेत, तर दोष थंड करण्यात आहे. तापमान ७० आणि वॅट १५ वर खिळलेले, तर मर्यादा फर्मवेअरची किंवा प्रोफाइलची. वेग ४०० मेगाहर्ट्झवरच अडकला असेल तर आधी चार्जर बघा. कमी वॅटचा किंवा न ओळखलेला चार्जर हे त्याचं नेहमीचं कारण.

दोष थंड करण्यात असेल, तर सॉफ्टवेअर काय करणार! पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मध्ये धुळीची नमद्यासारखी गादी बसते आणि ती बाहेरून दिसत नाही. खालचं झाकण काढून पंख्याचं पातं बोटाने धरून हवा मारा. मोकळा सोडला तर तो भन्नाट फिरून बेअरिंग खराब होऊ शकतं. शिवाय नागपूरच्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असेल, तर २५ अंशांच्या खोलीत ८० दाखवणारं तेच काम साधारण ९५ दाखवणार. तिथे प्रोफाइल बदलत बसण्यापेक्षा टर्बो, म्हणजे नेहमीच्या वेगाच्या वर जायची मुभा, बंद करणं बरं. वरच्या वेगाला व्होल्टेजही चढं लागतं आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, त्यामुळे थोडा वेग सोडला तरी पंखा बराच शांत होतो. इंटेल-पीस्टेटच्या 'नो टर्बो' फाइलीत १ लिहायचा. 'सुडो इको' करून पुढे फाइलीकडे बाण (>) काढला तर परवानगी नाकारली जाते, कारण फाइल उघडतो तो तुमचा शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम; प्रशासकाचे अधिकार देणारा सुडो नव्हे. इकोचं उत्तर 'सुडो टी'कडे पाइपने द्यावं. यंत्र पुन्हा सुरू केलं की ही फाइल परत शून्यावर येते. कायमचं हवं असेल तर टीएलपीमध्ये त्याची वेगळी ओळ आहे, चार्जरवर आणि बॅटरीवर निरनिराळी ठेवता येणारी.