न शिकवलेलं चौथं युनिट

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. परीक्षेचे फॉर्म, जर्नलवर सह्या, दिवाळीच्या सुट्टीचे वेध, आणि या धांदलीतच आमच्या तालुक्याच्या कॉलेजात फीडबॅकचा दिवस येतो. मी भूगोल शिकवते आणि तीन वर्षांपासून आयक्यूएसीचं, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं, काम माझ्याकडे आहे. लिंक पाठवायची, मुलांकडून फॉर्म भरून घ्यायचे, तक्ते करायचे, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीला लावायचे.

नॅकचं स्वतःचं विद्यार्थी समाधान सर्वेक्षण वेगळं असतं. त्यात पर्यायांचे २० प्रश्न, ४ ते ० अशी श्रेणी, आणि एकविसावा प्रश्न मोकळा, सूचना लिहिण्यासाठी. पहिलाच प्रश्न असा की वर्गात अभ्यासक्रम किती पूर्ण झाला? ८५ ते १०० टक्के असेल तर ४, ३० टक्क्यांच्या खाली असेल तर ०. सत्राच्या शेवटी भरायचा आमचा शिक्षकनिहाय फॉर्म त्याच्यावरूनच बेतलेला आहे.

त्या दिवशी एस.वाय. बी.एस्सी.चा वर्ग होता. मुलं ५८. लॅबमधली निम्मी मशीन बंद, म्हणून सगळ्यांना मोबाइलवरच भरायला सांगितलं आणि मी मागच्या बाकाशी उभी राहिले. समोरच्या मुलीच्या हातातला फोन मला स्पष्ट दिसत होता. मोबाइलच्या पडद्यावर तक्ता पूर्ण मावत नाही. डावीकडचे दोनच रकाने दिसत होते, ४ आणि ३. उरलेले बघायचे तर बोटाने बाजूला सरकवावं लागतं. तिचा अंगठा डावीकडच्या रकान्यावरून सरळ खाली उतरला. एक शिक्षक झाले, दुसरे झाले, तिसरे झाले. तिला पावणेपाचची एसटी गाठायची होती.

मध्येच एकीने हळूच विचारलं, "मॅडम, मेल आयडी मागतंय. म्हणजे नाव कळणार ना?"

एकाने दोनदा भरू नये म्हणून ते सेटिंग मीच चालू ठेवलं होतं. "फक्त मीच बघते," मी म्हणाले. तिने मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं. कसं पटेल? इंटर्नलचे मार्क ज्यांच्या हातात, त्यांच्याबद्दलच लिहायचं आणि वर स्वतःचा मेल द्यायचा.

संध्याकाळी शीट उघडली. फिजिक्सचा एक पेपर आला आणि मी थांबले. त्या विषयाची जागा निवृत्तीनंतर भरलेलीच नाही. दर वर्षी सीएचबीवर, म्हणजे तासाच्या मानधनावर, माणूस घ्यायचा, आणि या वर्षी मुलाखती लांबल्यामुळे सर आले ते गणपती उठल्यावर. चारपैकी दोन युनिट झाली होती, तिसरं निम्मं. चौथ्याला हातही लागला नव्हता. हे मला माहीत होतं, कारण आदल्याच आठवड्यात हीच मुलं चौथ्या युनिटच्या नोट्स कुठे मिळतील म्हणून माझ्याकडे विचारायला आली होती.

आणि शीटमध्ये ५८ पैकी ५८ जणांचं उत्तर: ८५ ते १०० टक्के.

आधी मला राग आला. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी वर्गात विचारलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागचा एक मुलगा उभा राहिला. "मॅडम, सर रविवारी येऊन शिकवायचे. त्याचं बिलसुद्धा निघत नाही. आम्ही कमी टाकलं असतं तर पुढच्या वर्षी त्यांना घेतलं नसतं."

"ग्रुपवर ठरलं होतं," शेजारचा म्हणाला.

मला त्यावर काही बोलता येईना. अंगठा सरळ खाली जातो तो फक्त कंटाळ्याने नाही, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. आपण दिलेल्या गुणांवर कुणाचं पोट अवलंबून आहे, हे या मुलांनी आमच्यापेक्षा नीट ओळखलं होतं. जून ते सप्टेंबर वर्ग रिकामा होता, हे लिहायला आम्ही त्यांना जागाच दिली नव्हती. फॉर्मच्या वरच्या ओळीत शिक्षकाचं नाव. रिकाम्या पदाला नाव नसतं. त्यामुळे त्याचे गुण द्यायचे झाले तर शेवटी आलेल्या माणसाच्याच खात्यातून जाणार.

मोकळ्या प्रश्नाची उत्तरं मी पुन्हा वाचली. बहुतेकांनी नुसती रेघ मारली होती, काहींनी 'सगळं छान' लिहिलं होतं. त्यात एक उत्तर आदल्या रात्री माझ्या नजरेतून सुटलं होतं: "सर खूप चांगले शिकवतात. ते जूनमध्ये का नव्हते?"

हे वाक्य मी जसंच्या तसं कृती अहवालात घातलं. बैठकीत एका सहकाऱ्यांनी सुचवलं की सरासरी ४ आहे, मग हे कशाला? मी काढलं नाही. चौथं युनिट सरांनी पुढच्या दोन रविवारी घेतलं. वर्ग उघडायला मी गेले होते, ५८ पैकी चाळीसेक मुलं आली होती, एसटी कमी असूनही.

आता फॉर्मवर मेल मागत नाही. तक्त्याऐवजी एका पडद्यावर एकच प्रश्न ठेवलाय. सत्राच्या पाचव्या आठवड्यात अर्ध्या कागदाच्या चिठ्ठ्याही घेते, कारण ऑक्टोबरमध्ये लिहिलेल्याचा उपयोग लिहिणाऱ्या वर्गाला कधीच होत नाही. आणि शिक्षकाच्या नावाच्या आधी एक प्रश्न घातलाय: या विषयाचा पहिला तास कोणत्या तारखेला झाला?