ऑर्लँडोला येताय? मग मिकीला दोन दिवस सुट्टी द्या

ऑर्लँडोत घर असलं की सुट्ट्यांच्या आधी फोन येणारच. "तिकिटं काढली गं! सहा दिवस, सहा पार्क. बसतंय ना?" बसतं की. कागदावर सगळंच बसतं. डिस्नेचे चार पार्क, युनिव्हर्सलचे 2025 च्या मे महिन्यात एपिक युनिव्हर्स उघडल्यापासून तीन, शिवाय सी वर्ल्ड, लेगोलँड आणि पाण्याचे पार्क वेगळे. कितीही दिवस आणलेत तरी इथे खपतील.

माणसांचं मात्र तसं नसतं. तिसऱ्या दिवशी रात्री मंडळी घरी परततात, तेव्हा काका दारातच बूट काढून तळपाय चोळत बसतात, लहानगी गाडीत झोपलेली असते आणि उठवलं की भोकाड पसरते. आजींना विचारावं, "काय काय पाहिलंत?" तर त्या प्रामाणिकपणे सांगतात, "बाकडी बरी होती गं, सगळीकडे सावलीत होती." पार्कच्या तिकिटाचे पैसे भरून दिवसभर बाकड्यावर पिशव्या सांभाळत बसलेलं माणूस जवळजवळ प्रत्येक कुटुंबात असतं. पार्काबाहेरचा दिवस ठरवताना मी सगळ्यात आधी त्याच माणसाचा विचार करते.

तिकिटाचं गणित आधी सांगते, कारण गाडी तिथेच अडते. दिवस वाढवाल तसा दिवसाचा दर उतरत जातो. मग "पाचवा दिवस जवळजवळ फुकटच पडतोय" म्हणून पाचवा घेतला जातो. पार्किंग, खाणं आणि पाय त्या हिशेबात कोणी धरत नाही. दुसरं म्हणजे, डिस्नेचं चार दिवसांचं तिकीट सलग चार दिवस वापरायची सक्ती नाही. पहिल्या तारखेपासून सात दिवसांत कुठलेही चार दिवस चालतात. म्हणजे दोन पार्क, मध्ये एक दिवस बाहेर, पुन्हा दोन पार्क असं आरामात करता येतं, त्यासाठी जादा पैसे पडत नाहीत. बाहेरचे दिवस शेवटी ठेवू नका. शेवटी अंगात त्राण नसतं, बॅगा भरायच्या असतात आणि "जाऊ दे, मॉललाच जाऊ" असं ठरतं.

माझा पहिला कौल ठरलेला: केनेडी स्पेस सेंटर. डिस्नेपासून पूर्वेला तासाभराचा रस्ता, आणि तिकीट पार्कपेक्षा बरंच स्वस्त. पण तिथे जायचं ते अटलांटिस यानासाठी. आधी एका अंधाऱ्या दालनात छोटी फिल्म दाखवतात. ती संपता संपता समोरचा पडदा बाजूला होतो आणि पडद्यामागे खरंखुरं यान टांगलेलं असतं. मॉडेल नाही, प्रतिकृती नाही. 33 वेळा अंतराळात जाऊन आलेलं, 2011 च्या जुलैमध्ये शेवटचं उतरलेलं यान. ते 43.21 अंशांत कललेलं ठेवलंय, चार-तीन-दोन-एक! मुलांना हे आधी सांगू नका, तिथे गेल्यावर सांगा. पोटाखालून चालत गेलं की उष्णतारोधक फरशा हाताच्या अंतरावर दिसतात. काही काळ्याभोर, काही करपून पांढुरक्या झालेल्या, आणि जवळजवळ प्रत्येकीवर बारीक अक्षरात नंबर.

आपल्या लोकांसाठी इथे आणखी एक धागा आहे. सुनीता विल्यम्स 2007 मध्ये पहिल्या अंतराळ मुक्कामाहून परत आल्या त्या याच अटलांटिसमधून. आणि त्याच इमारतीत चॅलेंजर आणि कोलंबिया यानांच्या दुर्घटनांत गेलेल्या अंतराळवीरांचं स्मृतिदालन आहे. प्रत्येकाच्या वापरातल्या, आवडीच्या वस्तू एकेका छोट्या कपाटात मांडल्यात. कल्पना चावलांच्या कपाटापुढे मी आजवर आणलेला प्रत्येक पाहुणा थांबलाय. अगदी 'मला विज्ञानातलं काही कळत नाही' म्हणणारी मावशीसुद्धा. बाहेर काळ्या ग्रॅनाइटची स्मृतिभिंत आहे, तिच्यावरही त्यांचं नाव कोरलेलं आहे. शुभांशु शुक्ला 2025 च्या जूनमध्ये निघाले तो 39-ए उड्डाणतळही इथलाच, त्यामुळे हल्ली शाळकरी मुलं घरूनच तयारी करून येतात आणि मला प्रश्न विचारून हैराण करतात.

एक युक्ती लक्षात ठेवा. आत शिरल्याबरोबर आधी बस पकडा. तिकिटातच ती बसफेरी असते, आणि ती माणसांना चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न-5 रॉकेटच्या इमारतीकडे नेते. आडवं ठेवलेलं 363 फुटी रॉकेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत बघायचं असतं, फोटोत ते मावत नाही. शेवटची बस केंद्र बंद व्हायच्या बऱ्याच आधी सुटते. अटलांटिस बघण्यात रमलेल्यांचं सॅटर्न हमखास राहून जातं. वाटेत बसच्या खिडकीतून चरांत पडलेल्या मगरी दिसतात, त्या फुकट.

रॉकेट उडताना बघायचं असेल तर तारीख बघून या, पण त्या एका गोष्टीवर सगळी सहल टांगू नका. वारा, ढग, एखादा व्हॉल्व, काहीही कारण पुरतं आणि उड्डाण पुढे जातं. आकाश स्वच्छ असेल तर उड्डाण ऑर्लँडोतूनही दिसतं. रात्रीचं असेल तर आम्ही घराबाहेर रस्त्यावर येऊन पूर्वेकडे बघत उभे राहतो, शेजारपाजारचेही येतात.

थंडीत येणाऱ्यांना मी ब्लू स्प्रिंग स्टेट पार्कला पाठवते. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत सेंट जॉन्स नदीचं पाणी गार पडलं की मॅनटी, म्हणजे ते अवाढव्य शाकाहारी जलचर, झऱ्यात येऊन मुक्काम ठोकतात. झऱ्याचं पाणी बारा महिने 72 अंश फॅरनहाइट, आपल्या हिशेबात 22 सेल्सियस. कडाक्याच्या सकाळी तिथे शेकड्यांनी मॅनटी असतात. लाकडी पुलावर उभं राहिलं की खाली काचेसारख्या पाण्यात राखाडी पाठी सरकताना दिसतात, आणि मधूनच एखादी नाकपुडी वर येऊन 'फुस्स' करून पुन्हा बुडते. पाठीवर पांढरे ओरखडे दिसले तर ते बोटीच्या पंख्याचे व्रण. त्याच व्रणांवरून अभ्यासक एकेकाला ओळखतात. चढ-उतार नाही, रांग नाही, आरडाओरडा नाही. एक गाडी, आत सगळं कुटुंब, प्रवेश 6 डॉलर. पार्कमधल्या पाण्याच्या दोन बाटल्यांचा भाव बघून आलेल्या माणसाला तो आकडा दोनदा सांगावा लागतो. अट एकच: सकाळी आठच्या सुमाराला फाटकावर पाहिजे. गाड्यांची जागा भरली की फाटक बंद करतात, आणि थंडीतल्या शनिवार-रविवारी ती फार लवकर भरते. मॅनटी असतात तेव्हा पाण्यात उतरायला बंदी असते, त्यामुळे पोहायचे कपडे घरीच ठेवा. उन्हाळ्यात येणाऱ्यांनी वेकिवा स्प्रिंग्जला जावं. पाणी तितकंच गार आणि तिथे डुंबता येतं.

इतिहासाची आवड असलेले आजोबा बरोबर असतील तर सेंट ऑगस्टीन. दोन तासांच्या आतली वाट. 1565 मध्ये स्पॅनिश लोकांनी वसवलेलं, अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचं युरोपियनांनी वसवलेलं आणि आजवर सलग नांदतं राहिलेलं सगळ्यात जुनं शहर. तिथला कास्तिओ दे सान मार्कोस किल्ला 1672 ते 1695 या काळात बांधला. उंचीने तो आपल्या कुठल्याच गडाच्या जवळ येत नाही, सपाट किनाऱ्यावर बसका उभा आहे, हे आधीच सांगून ठेवते. बघायचा तो त्याचा दगड. कोकीना म्हणतात त्याला. समुद्रातले शिंपले हजारो वर्षं दाबले जाऊन झालेला. जवळून पाहिलं की भिंतीत अख्खे शिंपले दिसतात. हा दगड ठिसूळ, पण तोच त्याचा गुण ठरला. तोफगोळा आदळला की भिंतीला तडा जायच्याऐवजी गोळाच आत रुतायचा. 1702 मध्ये इंग्रजांनी दोनएक महिने वेढा दिला, गाव जाळलं, पण किल्ला पडला नाही. गावातली माणसं तेवढे दिवस आतच होती. शनिवार-रविवारी जुन्या गणवेशातले लोक तोफ उडवून दाखवतात, मुलं खूश. मोठ्यांना तिकीट आहे, पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना नाही. गाडी लावायला जुन्या गल्ल्यांत फिरत बसू नका, सरळ मोठ्या पार्किंगच्या इमारतीत लावा.

एवढा प्रवास नको असेल तर विंटर पार्क. तळ्यांतून आणि त्यांना जोडणाऱ्या अरुंद कालव्यांतून तासाभराची बोट फिरवते, 1938 पासून. आजी-आजोबांसाठी यापेक्षा सोपं काही नाही. बसायचं आणि बघायचं.

आता काय करू नये. मायामी एका दिवसात करू नका, आणि दक्षिण टोकाच्या 'की वेस्ट' बेटाचं तर नावही काढू नका. नकाशावर फ्लोरिडा चिमुकलं दिसतं, पण ऑर्लँडोहून की वेस्ट एका बाजूनेच साडेसहा-सात तास आहे. मायामी करायचंच असेल तर मुक्कामाला जा. 2023 पासून ऑर्लँडो विमानतळावरून ब्राइटलाइन रेल्वे सुटते, साडेतीन तासांत पोचवते आणि गाडी चालवायचा ताण वाचतो. एव्हरग्लेड्स, म्हणजे दक्षिणेकडचा दलदलीचा प्रदेश, तोही तसाच लांब. तिथलं पाणी मात्र इकडूनच, किसिमीच्या तळ्यांतून वाहत जातं, आणि त्याच तळ्यांवर पंख्याच्या बोटी चालतात. मगर बघायची हौस अर्ध्या तासाच्या अंतरावर भागते. कानात घालायला देतात ते घाला, आवाज भयंकर असतो.

गाडीचं थोडं. भाड्याची गाडी सगळे दिवस नको, बाहेरच्या दिवसांपुरती घेतली तरी चालते. पूर्वेकडच्या 528 रस्त्यावर टोल आहे, आणि इथल्या बऱ्याच रस्त्यांवर रोख पैसे घेतच नाहीत. भाड्याच्या कंपन्या टोलच्या यंत्राचे रोजचे वेगळे पैसे लावतात, म्हणून सही करण्याआधी विचारा. ऑर्लँडो विमानतळावर पाहुण्यांसाठी फुकट टोल पास मिळतो, आरशाला अडकवायचा आणि जाताना परत टाकायचा. पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला गाडीत लहान मुलांची खास सीट कायद्याने लागते, मांडीवर घेणं चालत नाही, मग आजी कितीही म्हणोत.

आणि जून ते सप्टेंबरमध्ये येणार असाल तर सगळं काही सकाळी उरका. दुपारी दोन-तीनच्या सुमारास ढग भरून येतात, विजा कडाडतात, तासभर झोडपून पाऊस निघून जातो. विजा दिसल्या की तलाव आणि झरे रिकामे करायला लावतात, बोटी थांबतात. तेवढा वेळ गाडीत जेवायचा. म्हणून निघतानाच पब्लिक्स या इथल्या सुपरमार्केटमधून सँडविच घ्या, बर्फाची पेटी डिकीत टाका, आणि एक जोड कोरडे कपडे, लहान मुलांचे नव्हे, मोठ्यांचे. मुलांचे सगळेच आणतात.