टेपवर्मसाठी गावात रक्त तपासताना

रक्त काढणं हा या कामातला सोपा भाग. शोधायचंय काय, ते ठरवणं अवघड. टीनिया सोलियम हा डुकरातून येणारा टेपवर्म. मांस अर्धकच्चं राहिलं तर त्यातल्या गाठींपासून (म्हणजे जंताच्या अळीच्या पिशव्यांपासून) आतड्यात जंत वाढतो. त्याची अंडी शौचावाटे बाहेर पडून हातांवरून, अन्नपाण्यातून कुणाच्या पोटात गेली, तर स्नायूंत आणि मेंदूत गाठी होतात. रक्तातली नेहमीची अँटीबॉडी चाचणी (शरीरानं गाठींविरुद्ध बनवलेली प्रथिनं शोधणारी) या गाठींची; आतड्यातल्या जंतासाठी आम्ही शौचाचा नमुना घेतो. हे सुई टोचण्याआधीच सांगतो. नाहीतर ‘रक्त निगेटिव्ह, म्हणजे पोटात जंत नाही’ असं गावभर होतं.

मोठ्या माणसाचं ५ मिली रक्त साध्या लाल झाकणाच्या नळीत. लेबल लगेच, त्याच्यासमोर. आधी चिकटवून ठेवलेल्या नळ्या गर्दीत हमखास बदलतात. नळी अर्धा ते एक तास उभी ठेवायची, गुठळी झाली की सेंट्रिफ्यूज यंत्रात १५०० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या १५०० पट जोरानं) १० मिनिटं फिरवायची. जी म्हणजे आरपीएम (मिनिटाला फेरे) नव्हे! यंत्राच्या फिरत्या भागाच्या, रोटरच्या, त्रिज्येवरून हिशेब करावा लागतो. वर सुटलेलं पाणी, म्हणजे सीरम, अर्ध्या अर्ध्या मिलीच्या कुप्यांत भरून उणे २० अंशांवर, म्हणजे एकच कुपी पुन्हापुन्हा वितळवावी लागत नाही.

सीरम लालसर दिसलं की पेशी फुटल्या. सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला, नळी थेट बर्फाला टेकली, किंवा सीरम वेगळं न करताच खडबडीत रस्त्यानं नेली, यांपैकी काहीतरी झालेलं असतं.

इम्युनोब्लॉट या अँटीबॉडी चाचणीत जंताच्या सात ग्लायकोप्रोटीनांपैकी (साखर जोडलेल्या प्रथिनांपैकी) एकाचाही पट्टा उमटला तरी पॉझिटिव्ह. मात्र एकच गाठ असेल किंवा ती कॅल्शियम धरून बसली असेल तर चाचणी हुकू शकते. उलट, गाठी मेल्यावरही अँटीबॉडी बराच काळ राहतात. जिवंत गाठींचा अंदाज अँटिजेन एलायझा देते; ती जंताचीच प्रथिनं रक्तात शोधते.

म्हणून पॉझिटिव्ह आला की लगेच गोळी, असं आम्ही करत नाही. प्राझिक्वांटेल या जंतावरच्या गोळीनं मेंदूतल्या गाठीभोवती सूज येऊन झटके येऊ शकतात. झटके, जुनी डोकेदुखी यांची नोंद रक्त घेतानाच अर्जावर करतो. अशांचं आधी स्कॅन. आणि पॉझिटिव्ह माणसाच्या घरातल्या सगळ्यांना शौचाचे डबे देतो, कारण अंडी टाकणारा अनेकदा त्याच चुलीवर जेवत असतो.